कॉन्टेसाचे चारशे मीटर

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

ट्रॅक्टरनं मागं टाकलं! उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, वर कडेपर्यंत ऊस — आणि माझ्या कॉन्टेसाला ओव्हरटेक! जाताना ड्रायव्हरनं हात पण हलवला. नीलम्मा खिडकीतून त्याच्याकडं बघून हसली. माझी बायको!

चढ तरी केवढा? सायकलवाला उतरत नाही तिथं. मी पाय फळीपर्यंत दाबला. गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि तीसवर आली. त्र्याण्णव साली हीच गाडी लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत आणली तेव्हा लोक दुकानातून उठून बाहेर आले होते. लांब नाक, रुंद बूड, आवाज कसा भरदार. पैलवान वाटायची. आज पैलवानाला धाप लागली.

लातूरहून नांदेडला लेकीच्या घरी पोचायला पाच तास. स्वप्नालीचे सासरे भुजंगराव फाटकातच उभे. शेजारी त्यांची कॉन्टेसा, पांढरीशुभ्र. पुण्याला सहा महिने ठेवून तिच्यात परदेशी इंजिन बसवून आणलंय.

"शरणार्थ, अमृतराव! गाडीनं आलात की चालत?"

मुलीचा बाप. हसलो. काय करणार?

जेवताना म्हणाले, "चार जानेवारीला जुन्या गाड्यांचा मेळावा हाय इथं. बंद सूतगिरणीच्या आवारात. सरळ चारशे मीटर, एकेक गाडी घड्याळ लावून सोडायची. या तुम्ही बघायला."

बघायला! मी म्हटलं, "पळवायलाच येतो की."

तोंडातून निघून गेलं. वाढायला आलेल्या स्वप्नालीच्या हातातली पळी तिथंच थांबली.

१० नोव्हेंबर

महांतेशला सांगितलं. माझा थोरला. आडत आता तोच बघतो. दिवाळीत मला म्हणाला होता, "पप्पा, एकसष्ट झालं. आता आराम करा." म्हणजे दुकानात येऊ नका. कॉम्प्युटरच्या पावत्या मला जमत नाहीत, हे खरं आहे. पण भुईमुगाच्या शेंगा हातात घेतल्या की ओल किती ते मी डोळे मिटून सांगतो, हेही खरं आहे. ते आता कुणी विचारत नाही.

तो म्हणाला, "मी तर भंगारवाल्याला बोलावणार होतो. शेडची जागा अडलीय."

बरीच घासाघीस झाली. ठरलं ते असं — भंगारवाला जेवढे देतो म्हणतोय तेवढेच गाडीवर घालायचे, वर एक रुपया नाही. आणि नांदेडहून टोचन लावून परत आली, तर दुसऱ्या दिवशी भंगारात.

मंजूर.

१३ नोव्हेंबर

पहिला मिस्त्री हसला. दुसरा म्हणाला, नवीन इंजिन टाका. तिसऱ्यानं गाडीबरोबर फोटो काढून घेतला आणि चहा पाजून वाटेला लावलं.

चौथं गॅरेज औसा रोडला. पत्र्याचं शेड, पाटी नाही. जीपखालून एक मुलगी बाहेर निघाली, सत्तावीस-अठ्ठावीसची, कपाळावर ग्रीसचा पट्टा. बुद्धप्रिया सोनकांबळे. मूळची भोकरची, डिप्लोमा नांदेडला झालाय. गाडी चालू करायला लावली, मागं जाऊन सायलेन्सरच्या तोंडापुढं तळहात धरला. डॉक्टर नाडी बघतो तसा. मग प्लगच्या जागी एक मीटर लावून चारही सिलिंडरचा दाब मोजला.

"काका, हिला नवीन काय बी नको. हिचं जे होतं ते आधी परत आणू. तीन नंबरचं सिलिंडर झोपलंय. तुम्ही तीन पायांवर पळवून राहिलात हिला."

मला ती बोलली ते लई आवडलं.

घरी सांगितलं. महांतेश म्हणाला, "तिच्याकडं? एवढे मिस्त्री असताना?"

"तिच्याकडं म्हणजे?"

तो मोबाइल बघायला लागला.

१६ नोव्हेंबर

साडूच्या खडी केंद्राला खासगी रस्ता आहे, सपाट. तिथं चारशे मीटर मोजून चुन्याच्या दोन रेघा मारल्या. बुद्धप्रिया पलीकडं मोबाइलचं घड्याळ घेऊन.

सत्तावीस सेकंद.

"चांगलं हाय का?" मी विचारलं.

"बैलगाडीच्या मानानं चांगलं हाय."

२० नोव्हेंबर

बुद्धप्रियाशी भांडण झालं! मी म्हटलं इंजिन उघड. ती म्हणते आधी ब्रेक. पुढचे पॅड गेलेत, मागचा सिलिंडर गळतोय. मी म्हटलं, पैसा मोजका, तो पळण्यावर घालू की थांबण्यावर?

"थांबण्यावर. न्हाईतर गाडी घेऊन जा."

चाळीस वर्षं आडत केली, माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. गाडी काढली. फाटकापर्यंत गेलो. ब्रेक दाबला. गाडी फाटकाच्या थोडी पुढं जाऊन थांबली.

परत वळवली. ब्रेक करून घेतले. तिनं टोमणा मारला नाही, सरळ चाक उतरवायला लागली, हे तिचं मोठेपण.

२६ नोव्हेंबर

हेड उतरवलं. तीन नंबरचा एक व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता, दाब तिथून पळायचा. आता सगळे व्हॉल्व्ह घासून बसवायचे. काठीला व्हॉल्व्ह चिकटवायचा, खाली दाणेदार पेस्ट, आणि काठी दोन्ही तळहातांत धरून गरगर फिरवायची. ताक घुसळल्यागत.

ती एकटी किती करणार? मी म्हटलं, आण इकडं. आठ व्हॉल्व्ह, दोन दिवस. पहिले दोन तिनं नापास केले. "पुन्हा." तिसऱ्याला कडेला राखाडी गोल उमटला, अखंड, बांगडीसारखा. ती म्हणाली, "हां. हे जमलं."

घरी येऊन नीलम्माला दोन्ही काळे हात दाखवले. ती म्हणाली, "अय्यो! पोत्याला हात लावायला चार हमाल लागायचे तुम्हाला."

खरं आहे. झोप मात्र लई छान लागली.

३ डिसेंबर

बुद्धप्रिया आणि मी नांदेडला बसनं गेलो. तुळजाबाईच्या भंगारात. ही बाई लोखंडाच्या ढिगावर खुर्ची टाकून बसते आणि कुठला पार्ट कुठं आहे ते न उठता सांगते. प्लगला ठिणगी देणारे आमच्या गाडीचे जुने पॉइंट झिजलेत, त्याजागी इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्यूटर पाहिजे होता. तसल्याच इंजिनाचा निघाला.

तुळजाबाईनं भाव सांगितला. बुद्धप्रिया लगेच पाकीट काढायला लागली! मी तिचा हात धरून खाली केला. पाऊण तास लागला. हवापाणी झालं, मुलाबाळांची चौकशी झाली, मी दोनदा उठून निघालो, तुळजाबाईनं दोनदा परत बोलावलं. निम्म्यावर आलं आणि वर कार्बोरेटरचे दोन जेट फुकट.

बाहेर आल्यावर बुद्धप्रिया म्हणाली, "काका, हे कुठं शिकवतात?"

आज मलाच मी बरा वाटलो.

७ डिसेंबर

तेवीस पूर्णांक चार! सिलिंडर चारही जागे. गाडी पहिल्या रेघेवरून सुटली तेव्हा माझी टोपी मागच्या सीटवर जाऊन पडली.

पण बुद्धप्रिया डिकी उघडून उभी. आत काय निघालं — वीस-वीस किलोची दोन लोखंडी मापं, चार पोती, एक तुटका तराजू, नीलम्माचा हरवलेला पितळी डबा.

"एवढं घेऊन पळता व्हय?" ती म्हणाली. मग कागदावर आकडेमोड केली. मागचं सीट, स्टेपनी, मेळाव्याच्या वेळी हे काढायचं. वजन कमी करण्याइतकं स्वस्त काही नाही.

मग माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत.

नीलम्माही बघायला आली होती, ती खो-खो हसली. मी चौऱ्याण्णव किलो आहे.

८ डिसेंबर

नाश्त्याला काकडी.

११ डिसेंबर

धपाटे केले होते. वास पूर्ण घरात. मला अर्धं मिळालं. दुसरं मागितलं तर नीलम्मा म्हणाली, "साकु!" बिदरकडची आहे, चिडली की कानडी. साकु म्हणजे पुरे. तिला गाडीशी देणं-घेणं नाही. बावीस वर्षं मला बारीक करायला टपलेली, आता तिला कारण मिळालंय.

१९ डिसेंबर

येळवस. शेतात पूजा. भज्जी, उंडे, आंबील, खीर. लिहिण्यासारखं काही नाही.

२० डिसेंबर

काट्यावर उभा राहिलो. उतरलो. पुन्हा उभा राहिलो. तेच!

२५ डिसेंबर

सायलेन्सर आतून काजळीनं बुजला होता. कापून सरळ नळी घातली, वळणं कमी केली. आवाज वाढू दिला नाही तिनं. "आवाजानं गाडी पळत न्हाई काका, आवाजानं पोलीस येतात." कार्बोरेटर साफ, नवे जेट बसवले. ठिणगीचं टायमिंग तिनं कानानं लावलं. डोळे मिटून. मी शेंगा बघायचो तसं.

वीस पूर्णांक सहा.

तिला म्हटलं, तू एवढं करतेस तर बाहेर पाटी का लावत नाहीस? म्हणाली, "लावली होती. नाव वाचून दोन गिऱ्हाईकं वळून गेली. मग काढली." आणि पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं.



३० डिसेंबर

स्वप्नालीचा फोन. हळू आवाजात, बहुतेक न्हाणीघरातून.

"पप्पा, किती सेकंद आलं तुमचं?"

"वीसच्या आसपास."

"मामंजींचं एकोणीसच्या आसपास हाय. रोज जेवताना सांगतात. पप्पा, जरा हळूच चालवा. मला इथंच राहायचं हाय!"

४ जानेवारी २०२६, रविवार

सगळं लिहितो. जसं झालं तसं.

पहाटे निघालो. मी, नीलम्मा पुढं, मागच्या सीटवर बुद्धप्रिया पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन. त्या चढावर उसाचे तीन ट्रॅक्टर ओलांडले! नीलम्मानं तिन्ही ड्रायव्हरांना हात केला.

सूतगिरणीच्या आवारात चाळीसेक गाड्या. जीप, फियाट, दोन-चार बुलेट. माणसं दोन्ही बाजूंनी उभी. नाव नोंदवताना आधीचे सेकंद आणि झालेला खर्च लिहून घेतला. बुद्धप्रियानं मागचं सीट काढलं, टायरची हवा बघितली, आणि मला म्हणाली, "दुसऱ्यावरून तिसऱ्यात घाई करू नका. ती सांगंल तुम्हाला."

आधी व्याही. पांढरी गाडी बाणासारखी गेली. अठरा पूर्णांक नऊ! टाळ्या. पण थांबता थांबेना. रेघ ओलांडून पार भिंतीजवळ गेली तेव्हा कुठं उभी राहिली. भुजंगराव खाली उतरले ते रुमालानं तोंड पुसतच.

मग मी. झेंडा पडला. पहिल्यात गाडीनं नाक उचललं. दुसरा. ती ओरडायला लागली, मी धीर धरला — आणि खरंच, इंजिनाचा सूर एका जागी येऊन भरला, तेव्हा तिसरा टाकला. माणसं, भिंती, निलगिरीची झाडं एकदम मागं गेली. मी एकसष्ट वर्षांचा आहे हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

एकोणीस पूर्णांक सात. हरलो! आणि एवढा आनंद मला दुकान काढलं त्या दिवशीही झाला नव्हता.

मग बक्षिसं. माइकवर माझं नाव! "सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त सुधारणा — अमृतराव बिराजदार, लातूर! सत्तावीस सेकंदांवरून एकोणीसवर!" हातात चषक दिला, लोक बॉनेटभोवती जमले. एकानं माइक माझ्या तोंडाशी धरला. "काका, हे काम कुणी केलं?"

समोर व्याही. टाळ्या चालूच. मी म्हणालो, "मीच. स्वतः उभं राहून केलं. या वयात हात काळे केले."

मोठ्या टाळ्या. भुजंगरावांनी मिठी मारली. तिघांनी नंबर घेतला — आमची गाडी तुमच्याकडंच आणतो म्हणाले.

बुद्धप्रिया गाडीच्या पलीकडं उभी होती. चार हातांवर. तिचं नाव माझ्या जिभेवर होतं. मी ते बोललो नाही. का बोललो नाही, याला मला सापडेल असं एकही कारण चांगलं नाही.

थोड्या वेळानं ती पिशवी खांद्याला लावून फाटकाकडं जाताना दिसली. मी नीलम्माला म्हटलं, चहाला गेली वाटतं.

नीलम्मा म्हणाली, "चहाला न्हाई गेली. ती गेली."

मागचं सीट मी एकट्यानं बसवलं. वाकडं बसलं. लातूरपर्यंत नीलम्मा खिडकीबाहेरच बघत बसली. आरशात बघितलं की मागचं रिकामं सीट दिसायचं.

गाडी टोचन न लावता घरी आली. महांतेश पेढे घेऊन आला.

५ जानेवारी

पेढा खाल्ला नाही. नीलम्माला वाटलं वजनासाठी. नाही, तिला बरोबर कळलं होतं.

६ जानेवारी

गेलो गॅरेजवर. चषक पिशवीत घालून. ती एका रिक्षाचं इंजिन उघडून बसली होती. चषक तिच्या टेबलावर ठेवला.

"हे तुझं."

"यात पाने बी मावत न्हाईत काका. काय करू त्याचं?"

"चुकलो मी."

"हाव."

तिनं पाना फिरवून एक बोल्ट काढला. मग म्हणाली, "नवीन न्हाई मला हे. कॉलेजात प्रोजेक्ट मी केला, स्टेजवर दुसराच बोलला. कंपनीत बी तेच. म्हणून तर सवताचं शेड घेतलं. तुमच्याकडनं वाटलं नव्हतं. एवढंच."

"आता काय करू, सांग."

"मला काय इचारता? तोंड तुमचं हाय."

चषक परत घेऊन आलो. नीलम्मानं त्यात बघितलं आणि कपाटावर ठेवला, तोंड भिंतीकडं करून. चषकाला तोंड नसतं, पण तिनं तसाच ठेवला.

७ जानेवारी

तोंड उघडलं. मेळावा भरवणाऱ्यांना फोन केला. म्हटलं, तुमच्या मोबाइलच्या ग्रुपवर टाका, काम बुद्धप्रिया सोनकांबळे यांचं आहे, औसा रोड, लातूर. मी व्हॉल्व्ह घासले आणि भाव केला. नंबर घेतलेल्या तिघांनाही तेच सांगितलं. एकजण म्हणाला, "मग बघू." फोन ठेवला. दोघं म्हणाले, पत्ता द्या.

व्याह्यांना शेवटी लावला. दोनदा नंबर काढून बंद केला. मग लावला.

"भुजंगराव, त्या दिवशी मी खोटं बोललो."

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मी वाट बघत होतो, आता हसतील, आता स्वप्नालीला ऐकवतील. ते म्हणाले, "अमृतराव, त्या भिंतीपाशी मी थोडक्यात वाचलो. ब्रेक लागेना. पुण्यावाल्यांनी इंजिन घातलं, ब्रेकचं मी सांगितलं न्हाई, त्यांनी इचारलं न्हाई. घरी कुणाला बोललो न्हाई अजून. त्या बाई बघतील का?"

नांदेडला चालत गेल्यासारखा दमलो. पण नीलम्मानं विचारलं, "जेवता का?" तीन दिवसांत पहिल्यांदा.

९ जानेवारी

गॅरेजबाहेर नांदेडची फियाट आणि परभणीची जीप! बुद्धप्रिया एकीच्या खालून निघते, दुसरीच्या खाली जाते. माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, तुमच्या तोंडानं काम वाढवलं." हसून नाही. पण म्हणाली.

"माणूस ठेव की एक हाताखाली."

"दोघं आले, दोघं पळाले. बाईनं 'पुन्हा कर' म्हटलं की राग येतो त्यांना."

घरी येताना त्याच विचारात पूर्ण रस्ताभर मी तिसऱ्या गिअरमध्येच राहिलो.

१० जानेवारी

महांतेशशी बोललो. तो म्हणाला, "पेठेत काय सांगू मी?" मी म्हटलं, जे आहे ते. नीलम्मा म्हणाली, "मी सांगते पेठेत."

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी अकराला व्याह्यांची पांढरी गाडी आली. मी फियाटखाली आडवा होतो. सरकून बाहेर निघालो तर भुजंगराव समोर. माझा निळा डगला बघितला, हात बघितले.

"अमृतराव! तुम्ही इथं काय करून राहिलात?"

"नंबर लावा, भुजंगराव. बाई आत हायत, मोकळ्या झाल्या की बघतील. मी इथं कामाला हाय."